पार्टीसाठी तिखट फळांचे मॉकटेल: अननस, संत्रे, आले आणि हिरवी मिरची

फळांचे मॉकटेल, म्हणजे मद्य नसलेले मिश्र पेय, करायला घेतले की बहुतेकांचे सारे लक्ष फळांकडे असते. मात्र ते तिखट करायचे ठरले की पेय जमणार की फसणार हे मिरची ठरवते. गोडवा किंवा आंबटपणा कमीजास्त झाला तर तो शेवटच्या क्षणीही सावरता येतो, पण एकदा पेयात उतरलेले तिखट बाहेर काढता येत नाही. म्हणून या लेखातील कृती एकाच तत्त्वावर उभी आहे: मिरची फळांच्या रसात थेट घालायची नाही, तिचे तिखट आधी साखरेच्या पाकात उतरवायचे, तो पाक चाखून पारखायचा आणि मग मोजून वापरायचा. असे केले तर वीस पाहुण्यांच्या पार्टीत प्रत्येकाला त्याला सोसेल तेवढेच तिखट देता येते, आणि शेवटच्या पेल्याची चव पहिल्या पेल्यासारखीच राहते.

मॉकटेलमध्ये तिखट हवेच कशाला, असा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. नुसता फळांचा रस गोड असतो, सहज घशाखाली उतरतो आणि पेला चार घोटांत रिकामा होतो. मद्य असलेल्या पेयात घशाला जाणवणारी ऊब आणि किंचित जळजळ असते, त्यामुळे माणूस ते सावकाश पितो. मद्य वगळले की ती जाणीवही जाते आणि पेय सरबतासारखे सपाट लागू लागते. मिरची आणि आले ही पोकळी भरून काढतात: घोट आपोआप लहान होतो, चव तोंडात रेंगाळते आणि गप्पा रंगेपर्यंत पेला हातात राहतो. माझ्या मते मॉकटेलला पार्टीच्या पेयाचे रूप येते ते याच गुणामुळे, आणि म्हणूनच तिखटाकडे नीट लक्ष द्यायला हवे.

मिरचीचे तिखट कसे वागते

मिरचीला तिखटपणा देणारे मुख्य द्रव्य कॅप्सेसिन होय. ते तेलात आणि मद्यात चांगले विरघळते, पण पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मॉकटेलमध्ये तेलही नसते आणि मद्यही नसते. मिरचीचे तुकडे गार रसात टाकून ठेवले तर तिखट अतिशय हळू आणि असमान उतरते: वरचा पेला सपक, तर तळाचा पेला डोळ्यांत पाणी आणणारा निघतो. मिरची रसाबरोबर मिक्सरमध्ये फिरवली तर अडचण उलट दिशेने येते, कारण सारे तिखट एकदम मोकळे होते, बारीक कण गाळूनही मागे राहतात आणि हाताशी कोणतेच माप उरत नाही. गरम पाकात मात्र तिखट पुरेसे उतरते, कारण या पेयाला ते लागतेच थोडे, आणि पाक गाळला की तिखट उतरण्याची क्रिया आपण ठरवू त्या क्षणी थांबते.

मिरचीच्या बिया सर्वांत तिखट असतात हा समज सर्वत्र आढळतो, पण तो बरोबर नाही. कॅप्सेसिन तयार होते ते बिया ज्या पांढरट, स्पंजासारख्या भागाला चिकटलेल्या असतात त्या भागात. बियांना तिखटपणा येतो तो त्या भागाला लागून राहिल्यामुळे. मिरची उभी चिरून हा पांढरट भाग चमच्याच्या टोकाने खरवडून काढला तर तिखट बरेच कमी होते आणि मिरचीचा ताजा, हिरवा गंध मात्र शाबूत राहतो. तिखट कमी करण्यासाठी मिरच्यांची संख्या घटवण्यापेक्षा हा उपाय मला अधिक पटतो, कारण मिरच्या कमी केल्या की गंधही कमी होतो.

मिरच्यांमधील फरक किती मोठा असतो हे आकड्यांवरून चटकन कळते. विल्बर स्कोव्हिल या अमेरिकी औषधशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये तिखट मोजण्याची पद्धत मांडली. तीत मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात अधिकाधिक पातळ करत जात आणि चाखणाऱ्यांना तिखट जाणवेनासे होईपर्यंत किती पातळ करावा लागला यावरून तिखटपणा ठरवत. या मापावर ढोबळी मिरची शून्यावर आहे, हालापेन्यो साधारण २,५०० ते ८,००० एककांवर, बर्ड्‌स आय ही लहान मिरची ५०,००० ते १,००,००० एककांवर, आणि हबानेरो १,००,००० ते ३,५०,००० एककांवर. एवढेच नव्हे, एकाच झाडाच्या दोन मिरच्यांतही लक्षणीय फरक पडू शकतो. त्यामुळे ‘इतक्या मिरच्या घ्या’ असे कोणत्याही कृतीत लिहिलेले असले तरी तो केवळ अंदाज असतो. खरे माप जिभेवरच घ्यावे लागते.

साहित्य आणि प्रमाण

पुढील प्रमाण ३५० मिली क्षमतेच्या, निम्म्याहून थोडा कमी बर्फाने भरलेल्या एका उंच पेल्यासाठी आहे: अननसाचा रस ७५ मिली, संत्र्याचा रस ३० मिली, लिंबाचा रस १५ मिली, पाक २० मिली, गार सोडा ५० मिली आणि मीठ अगदी चिमूटभर. वीस माणसांसाठी माणशी दोन पेले धरले तर चाळीस पेल्यांना अननसाचा रस ३ लिटर, संत्र्याचा १.२ लिटर, लिंबाचा ६०० मिली, पाक ८०० मिली आणि सोडा २ लिटर लागेल. मध्यम आकाराच्या अननसातून गाळल्यावर साधारण अर्धा लिटर रस निघतो, म्हणजे सहा-सात अननस आणावे लागतील. लिंबे ३० ते ४० आणि संत्री १६ ते २० पुरतात. बर्फ माणशी अर्धा किलो धरावा. हा आकडा ऐकताना फार वाटतो, पण पेल्यांखेरीज सोड्याच्या बाटल्या आणि जग गार ठेवायलाही बर्फ लागतो, आणि पार्टीत सर्वांत आधी संपतो तो बर्फच.

अननस निवडण्याचे कारण म्हणजे त्यात गोडवा, आंबटपणा आणि गंध तिन्ही भरपूर असतात आणि मिरचीपुढे त्याची चव दबत नाही. कलिंगड घ्यायचे असेल तर त्याच्या रसात आंबटपणा फारच कमी असतो हे लक्षात घेऊन लिंबाचा रस २५ मिलीपर्यंत वाढवावा आणि पाक १५ मिलीवर आणावा. आंब्याचा रस दाट असतो. तो निम्मे पाणी घालून पातळ करावा, नाहीतर सोडा त्यात नीट मिसळत नाही. पेरूचा रस गाळून घेतला तर मिरचीशी फार छान जुळतो. ग्रेपफ्रूट चवीला उत्तम असले तरी ते काही औषधांच्या परिणामात बदल घडवते, त्यामुळे पाहुण्यांच्या औषधांची माहिती नसताना ते वापरू नये.

दोन पाक, एक तिखट आणि एक साधा

पाक आदल्या दिवशी करून ठेवावा. दोन पातेल्यांत प्रत्येकी ३०० ग्रॅम साखर आणि ३०० मिली पाणी घेऊन मध्यम आचेवर ठेवावे. हा पाक तारेवर आणायचा नाही. साखर पूर्ण विरघळली, पाणी पारदर्शक दिसू लागले आणि पातेल्याच्या कडेला पहिले बुडबुडे आले की आच बंद करावी. जास्त उकळला तर पाणी आटते, पाक घट्ट होतो आणि २० मिलीच्या मापात ठरवल्यापेक्षा अधिक साखर जाते. या प्रमाणातून प्रत्येक पातेल्यात सुमारे ४७५ मिली पाक तयार होतो. गाळताना थोडा वाया गेला तरी ४०० मिली सहज हाती राहतो.

पहिल्या पातेल्यात आच बंद केल्याबरोबर ६० ग्रॅम आल्याच्या पातळ चकत्या टाकून झाकण ठेवावे आणि अर्ध्या तासाने पाक गाळावा. आले पाकाबरोबर उकळू नये. ताज्या आल्याचा झणका ज्या जिंजरॉलमुळे येतो त्याचे उष्णतेने काही प्रमाणात झिंजेरॉन या सौम्य द्रव्यात रूपांतर होते आणि आल्याची चव बोथट लागू लागते. हा झाला बिनमिरचीचा पाक.

दुसऱ्या पातेल्यात तितकेच आले आणि मध्यम तिखट अशा चार-पाच हिरव्या मिरच्या उभ्या चिरून टाकाव्यात. पहिल्यांदाच करत असाल तर निम्म्या मिरच्यांचा पांढरट भाग काढून टाकावा. मिरच्या पडताच वाफेबरोबर तिखट वर येते आणि ठसका लागतो, म्हणून पातेल्यावर वाकू नये आणि खिडकी उघडी ठेवावी. काही मिनिटांतच मिरचीची साल तकतकीत हिरवी न राहता जैतुनी रंगाकडे झुकते आणि पाकाला कोवळ्या गवतासारखा वास येऊ लागतो. इथपासून दर पाच मिनिटांनी चव घ्यावी.

ही चव घेण्याची एक रीत आहे आणि ती पाळली नाही तर अंदाज हमखास चुकतो. पाक नुसता चाखू नये, कारण एवढ्या गोडव्याखाली तिखट दबलेले असते, शिवाय गरम असताना ते असते त्याहून जास्त भासते. तिखटाची जाणीव करून देणारे जिभेवरील ग्राहक (संवेदना टिपणारे सूक्ष्म घटक) उष्णतेलाही प्रतिसाद देतात. म्हणूनच मिरची ‘भाजते’ असे आपल्याला वाटते, आणि म्हणूनच बर्फासारख्या गार पेयात तिखट आधी लपते आणि घोट गिळल्यावर वर येते. तेव्हा एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिली, पाक सुमारे ४० मिली गार फळाच्या रसात मिसळावा, घोट घ्यावा आणि अर्धा मिनिट थांबून मगच मत बनवावे. दोन चाचण्यांच्या मध्ये दुधाचा एक घोट घ्यावा. लागोपाठ चार-पाच वेळा चाखल्यावर आपल्या जिभेचा भरवसा उरत नाही, म्हणून शेवटचा निर्णय घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी चाखायला देऊन घ्यावा. साधारण दहा ते वीस मिनिटांत हवे तेवढे तिखट उतरते. त्या क्षणी मिरची आणि आले दोन्ही गाळून काढावे. मिरची पाकात तशीच राहिली तर रात्रभरात तिखट वाढत जाते आणि चव कडवट होते. गाळलेले दोन्ही पाक गार झाल्यावर स्वच्छ बाटल्यांत भरून, त्यांवर नावे लिहून फ्रिजमध्ये ठेवावेत. ते आठवडाभर चांगले राहतात.

मिरची हाताळताना हातमोजे घालावेत. ते नसतील तर काम झाल्यावर बोटांना आधी थोडे खाद्यतेल चोळावे आणि मग साबणाने हात धुवावेत, कारण नुसत्या पाण्याने कॅप्सेसिन निघत नाही. मिरचीची सुरी, पाट आणि गाळणी फळांसाठी वापरण्यापूर्वी साबण आणि कोमट पाण्याने घासून घेणे आवश्यक आहे. बिनतिखट पेय मागणाऱ्या मुलाच्या पेल्यात तिखट जाते ते बहुधा याच वाटेने.

रस आणि मिश्रण

अननसाचा रस पार्टीच्या दिवशी काढावा. साल आणि डोळे काढून फोडी मिक्सरमध्ये फिरवाव्यात, बारीक गाळणीतून गाळाव्यात आणि वरचा फेस खाली बसू द्यावा. ताज्या अननसात ब्रोमेलिन हे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम) असते, त्यामुळे जीभ खवखवते, आणि मिरचीच्या जोडीने ही खवखव अधिक जाणवते. पाहुण्यांत लहान मुले असतील किंवा कुणाचे तोंड आलेले असेल तर रस एकदा उकळेपर्यंत तापवून लगेच गार करावा; उष्णतेने विकर निष्क्रिय होते, मात्र ताजेपणा थोडा उणावतो. डब्यातला किंवा खोक्यातला बिनसाखरेचा रस आधीच तापवलेला असतो, त्यामुळे त्याने खवखव होत नाही, आणि घाईच्या वेळी तो वापरण्यात काहीच कमीपणा नाही.

संत्र्याचा आणि लिंबाचा रस शक्य तितका उशिरा काढावा. संत्र्यांच्या काही जातींचा रस काढल्यावर काही तासांत कडवट होऊ लागतो, आणि लिंबाच्या रसाचा तजेला त्याहून लवकर उतरतो. पाहुणे येण्यापूर्वीच्या दोन-तीन तासांत दोन्ही रस काढून फ्रिजमध्ये ठेवले की पुरते. लिंबू फार जोराने पिळू नये, सालीचा कडूपणा रसात येतो.

यानंतर तीन जग भरावेत. दहा पेल्यांच्या जगात अननसाचा रस ७५० मिली, संत्र्याचा ३०० मिली, लिंबाचा १५० मिली, पाक २०० मिली, मीठ पाव छोटा चमचा आणि गार पाणी २०० मिली घ्यावे. पाणी का घालायचे याचे कारण सरळ आहे: एकच पेला करताना आपण मिश्रण बर्फाबरोबर शेकरमध्ये, म्हणजे पेय हलवून मिसळण्याच्या झाकणाच्या भांड्यात, दहा-बारा सेकंद हलवतो आणि तेवढ्यात बर्फ वितळून जवळजवळ पाचवा हिस्सा पाणी त्यात उतरते, जगातल्या मिश्रणाला ते पाणी मिळत नाही, म्हणून ते जाड आणि अतिगोड लागते. मीठही वगळू नये. इतक्या कमी प्रमाणात ते खारट लागत नाही, पण कडवटपणा दाबते आणि फळाची चव पुढे आणते.

पहिल्या जगात सगळा पाक बिनमिरचीचा, दुसऱ्यात दोन्ही पाक निम्मे-निम्मे आणि तिसऱ्यात सगळा पाक तिखट घालावा. वीस पाहुण्यांसाठी दहा पेले बिनतिखट, वीस मध्यम (म्हणजे दुसऱ्या जगाचे मिश्रण दुप्पट) आणि दहा झणझणीत अशी विभागणी मला योग्य वाटते, आणि तशी केली तर दोन्ही पाक बरोबर ४०० मिली लागतात. प्रत्येक जगावर तिखटाची पातळी ठळक अक्षरांत लिहावी, खाली त्यातील पदार्थांची नावेही लिहावीत. ज्यांना आम्लपित्ताचा किंवा अल्सरचा त्रास आहे त्यांना न विचारता निवड करता आली पाहिजे. जग झाकून फ्रिजमध्ये ठेवावेत. बाहेर काढल्यावर बर्फात बसवावेत, कारण ताजा रस खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवणे सुरक्षित नाही.

पेला भरताना

पेल्याची कड सजवायची असेल तर एका बशीत दोन मोठे चमचे जाडे मीठ, एक चमचा साखर आणि अर्धा छोटा चमचा लाल तिखट मिसळावे. लिंबाची फोड पेल्याच्या कडेवरून केवळ बाहेरच्या बाजूने आणि अर्ध्याच परिघावर फिरवावी आणि तेवढाच भाग मिश्रणात टेकवावा. आतल्या बाजूला मीठ लागले तर ते पेयात विरघळत जाते, आणि संपूर्ण कड माखली तर पिणाऱ्याला मिठाशिवाय घोट घेण्याची मुभाच राहत नाही. बिनतिखट पेल्यांसाठी तिखट न घातलेली वेगळी बशी ठेवावी.

पेल्यात मोठे, कडक गोठलेले बर्फाचे खडे घालावेत. चुरा बर्फ पाहता पाहता वितळतो. जग तळापासून ढवळून १६० मिली मिश्रण ओतावे, कारण रसाचा गर तळाशी बसत असतो. मग पेला किंचित तिरका धरून कडेने ५० मिली सोडा सोडावा आणि लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचलावा. सोड्याची बाटली अतिशय गार असावी, कारण गार पाण्यात वायू अधिक टिकतो; सोडा जगात आधीच मिसळून ठेवू नये, आणि सोडा असलेले मिश्रण शेकरमध्ये तर कधीच हलवू नये, झाकण उडते. सोड्यामुळे जिभेला जे टोचते त्याने तिखटही किंचित वाढल्यासारखे वाटते, म्हणून अंतिम चव सोडा घालूनच पाहावी.

सजावटीसाठी अननसाची पातळ फोड आणि पुदिन्याची डहाळी पुरेशी आहे. पुदिना तळहातावर एकदा थोपटून घ्यावा, चुरगळू नये. चिरलेली मिरची पेल्यात तरंगत ठेवण्याची पद्धत दिसायला आकर्षक असली तरी मला ती मान्य नाही: ती पेयात तिखट सोडत राहते आणि अंधुक उजेडात कुणाच्या तरी दातांखाली येते. मिरची हवीच असेल तर अखंड, न चिरलेली मिरची पेल्याच्या कडेवर अडकवावी. मिरची गोठवलेले बर्फाचे खडेही टाळावेत, कारण बर्फ वितळेल तसे पेय तिखट होत जाते. त्याऐवजी अननसाच्या रसाचेच खडे गोठवून जगात टाकले तर मिश्रण गार राहते आणि पातळ होत नाही.

काही बिघडलेच तर

तिखट जास्त झाल्यास जगात पाणी ओतू नये, त्याने चव जाते आणि तिखट मात्र जाणवत राहते. अननसाचा रस आणि बिनमिरचीचा पाक वाढवून मिश्रणच मोठे करावे. एवढ्याने भागले नाही तर पेल्यामागे दोन मोठे चमचे नारळाचे दाट दूध घालून ते पेय वेगळ्या नावाने द्यावे, कारण त्यातील स्निग्धांश कॅप्सेसिनला धरून ठेवतो. गाईचे दूध किंवा साय यात घालू नये, लिंबामुळे ती फाटते. मात्र कुणाला तिखट लागलेच तर त्याला पाण्याऐवजी गार दूध द्यावे; दुधातील केसिन हे प्रथिन कॅप्सेसिनला जिभेवरून सुटायला मदत करते. गोडवा जास्त झाला असेल तर लिंबाचा रस एका जगामागे एकेक मोठा चमचा वाढवत चव घ्यावी. चव फिकी वाटली तर साखरेकडे वळण्याआधी चिमूटभर मीठ घालून पाहावे.

उरलेले मिश्रण सोडा आणि बर्फ पडलेला नसेल आणि ते सतत गार राहिले असेल तरच झाकून फ्रिजमध्ये ठेवावे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावे. उरलेला तिखट पाक मात्र टाकू नये. कापलेल्या फळांवर एक चमचा शिंपडला किंवा साध्या लिंबाच्या सरबतात साखरेऐवजी घातला तर तो आठवडाभरात सहज संपतो.